विश्लेषण : माल आपला, जहाज परक्याचे... वालचंद हिराचंद कशासाठी लढले?

घाटकोपर ते मुलुंड रोज लोकलने ये-जा करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते, की देशाच्या जहाज व्यवसायाचा कारभार वाटेतल्याच एका स्थानकाजवळून चालतो. नौवहन महासंचालनालयाचे मुख्यालय कांजूरमार्ग पूर्वेला आहे. जहाजांची नोंदणी, खलाशांची प्रमाणपत्रे, सुरक्षेचे नियम हे सारे या कार्यालयाच्या अखत्यारीत येते. दरवर्षी ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. ती तारीख सोलापुरातल्या एका कंत्राटदारामुळे कॅलेंडरवर आली.

कोण होते वालचंद?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातले, गुजराती जैन. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा धंदा. त्यात वालचंद यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. पुढे भोर घाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या जलवाहिन्या ही मोठी कामे त्यांच्या कंपनीने केली. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या वस्त्यांमधून जाणारी तानसाची जलवाहिनी आजही सर्वांच्या ओळखीची आहे.

‘लॉयल्टी’ची खरेदी

पहिले महायुद्ध संपले तेव्हा जगात जहाजांचा तुटवडा होता आणि मालवाहतुकीचे भाडे भडकले होते. दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात वालचंद यांना एक जहाज विक्रीला असल्याचे कळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते जहाज ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे होते. १८९१ पासून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने ते प्रशांत महासागरात फिरत असे. युद्धकाळात महाराजांनी ते घेऊन भारतीय सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज केले आणि त्याला ‘लॉयल्टी’ हे नाव दिले.

नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांना सोबत घेऊन वालचंद यांनी ते विकत घेतले. मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले.

व्यवहार म्हणून पाहिले तर हे जहाज फायद्याचे ठरले नाही. जुने, खर्चिक जहाज होते ते. १९२३ मध्ये भंगारात निघाले. खरी लढाई किनाऱ्यावर झाली.

भाडेयुद्ध म्हणजे काय होते?

भारताच्या किनारी वाहतुकीवर तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीची पकड होती. ब्रह्मदेशातून तांदूळ आणायला सिंदियाने जहाजे घातली, की ब्रिटिश कंपनी भाडे पाडायची. तिची तिजोरी मोठी; तोटा किती दिवस सोसायचा, हे तीच ठरवणार. याहून चिवट हत्यार होते ते सवलतीचे. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग काही महिन्यांनी परत मिळे, पण या काळात त्याने दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून माल पाठवला नसेल तरच. एकदा जरी सिंदियाकडे गेला, तरी साठलेली सारी सवलत बुडाली. देशी कंपनीबद्दल कितीही आपुलकी असली, तरी ही जोखीम किती व्यापारी घेणार?

सिंदिया विकत घेण्याचाही प्रयत्न झाला. भागीदार विकायला तयार झाले नाहीत. अखेर १९२३ मध्ये १० वर्षांचा करार झाला. कंपनी तगली, पण तिच्या जहाजांच्या एकूण टनांवर मर्यादा आली आणि परदेशी मार्ग बंद झाले. हा करार म्हणजे विजय नव्हता, हे मान्य करायला हवे. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात मांडले. तेही तडीस गेले नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले आणि अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले.

जहाज बांधायचे तर कुठे?

दुसऱ्याची जुनी जहाजे घेऊन किती काळ चालणार, हा पुढचा प्रश्न होता. कोलकात्यात मनासारखी जागा मिळेना, तेव्हा वालचंद विशाखापट्टणमला गेले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम रखडले. तरीही मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’चे जलावतरण झाले. हीच आजची हिंदुस्थान शिपयार्ड.

दरम्यान १९४० मध्ये बंगळूरुला विमानांचा कारखाना (आजचे ‘एचएएल’) आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनीही त्यांनी काढली. काळ्या-पिवळ्या ‘पद्मिनी’ टॅक्सी जिथून बाहेर पडल्या, तो कुर्ल्याचा कारखाना याच प्रीमियरचा. १९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या निर्यातदाराशी संबंध काय?

अंधेरीच्या सीप्झमधले दागिने सहारहून विमानाने जातात, ती गोष्ट वेगळी. देशाच्या परदेशी व्यापारातला वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गेच जातो-येतो. मुलुंड किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्याचा कंटेनर न्हावा शेवाला पोहोचतो, तो बहुतेकदा परदेशी कंपनीच्या जहाजावर चढण्यासाठी. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडी चढली आणि माल पोहोचायला जास्त दिवस लागू लागले. छोट्या निर्यातदाराला त्यात काही बोलायला जागाच नव्हती.

भारतीय जहाज म्हणजे स्वस्त भाडे, असे मात्र नाही. भाडे जागतिक बाजारच ठरवतो. फरक इतकाच, की भाड्याचे डॉलर देशात राहतात आणि अडचणीच्या वेळी काही जहाजे हाताशी असतात.

ती आता फारशी नाहीत. एकेकाळी देशाच्या परदेशी व्यापारातला सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जाई. आज हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आले आहे. परदेशी जहाज कंपन्यांना वर्षाला सुमारे ६ लाख कोटी रुपये भाडे जाते, असे पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगर येथे सांगितले. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणी आणि सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांच्या योजनांना मंजुरी दिली. सिंदिया कंपनीची जहाजे त्याच्या कितीतरी आधी समुद्रावरून गेली होती. बॅलार्ड इस्टेटमधल्या रस्त्याला वालचंद यांचे नाव आहे.