सर्वश्री : काशीचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर

आपल्या या स्मरणिकेच्या पहिल्या पानांवर कार्यकारिणीची यादी असते. तिच्यात पाच-सात नावांच्या आधी एकदाच ‘सर्वश्री’ छापलेले दिसेल. प्रत्येक नावामागे ‘श्री’ लावत बसण्याचा त्रास त्याने वाचतो. हा शब्द आपल्याकडे हिंदी वर्तमानपत्रांतून आला, आणि हिंदीत तो रुजवण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते संपादक आपल्यासारखेच घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारे होते. ते म्हणजे बाबूराव विष्णू पराडकर. उत्तरेत हिंदी पत्रकारितेचा विषय निघाला की त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुण्या-मुंबईत मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना तरी ते ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

पराडकरांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीत झाला. वडील विष्णुशास्त्री संस्कृतचे पंडित, आई अन्नपूर्णाबाई. महाराष्ट्रातून काशीला येऊन स्थायिक झालेल्या अनेक घरांपैकी हे एक. पेशव्यांच्या काळापासून दुर्गाघाट-ब्रह्मघाटाच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे नांदत होती. विश्वनाथाचे मंदिर तर आपल्या अहिल्याबाईंनीच पुन्हा उभे केले. अशा घरातल्या मुलाचे शिक्षण संस्कृतपासून सुरू व्हावे हे ओघानेच आले. मॅट्रिक मात्र ते बिहारात, भागलपूरहून १९०० साली झाले. घरची मराठी, पाठशाळेची संस्कृत, रस्त्यावरची हिंदी आणि शाळेतली इंग्रजी अशा चार भाषा विशीच्या आत त्यांच्या वाट्याला आल्या. पुढे त्यांत बंगालीची भर पडली.

ती भर पडण्यामागे त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर होते. हाही एक विलक्षण माणूस. वैद्यनाथधामाजवळच्या करौं गावी १८६९ साली जन्मलेले मराठी, आणि नाव कमावले ते बंगाली लेखक म्हणून! त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ साली निघाले. इंग्रजी राज्यात देशाची संपत्ती कशी आटत गेली, कारागीर कसे बुडाले, दुष्काळ का पडत राहिले, हे त्यात आकड्यांनिशी मांडले होते. ते आकडे सरकारच्याच अहवालांतले आणि दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त, डिग्बी यांच्या ग्रंथांतले होते. स्वदेशीच्या चळवळीत ते हातोहात खपले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. केवळ आगपाखड केली असती तर सरकारला ती दुर्लक्षिता आली असती. सरकारच्याच कागदातून काढलेल्या आकड्याला उत्तर देणे अवघड जाते.

या पुस्तकाचा हिंदी अनुवाद पराडकरांनी ‘देश की बात’ या नावाने केला. माझ्या मते त्यांची खरी शाळा हीच. अनुवादात, तोही आकडेवारीच्या पुस्तकाच्या अनुवादात, लेखकाला लपायला जागा नसते. मूळ वाक्य समजले नसेल तर ते लगेच उघडे पडते. एक शून्य इकडचे तिकडे झाले तर सगळा युक्तिवाद कोसळतो. बंगाली आणि हिंदीत सारखे दिसणारे पण अर्थाने निराळे असलेले शब्द तर पावलोपावली आडवे येतात. मराठी घरातून हिंदीत वावरणाऱ्याला हा फास चांगलाच परिचयाचा असतो. आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हणजे दंड आणि हिंदीत विद्या. ज्या घरात रोज अशी गंमत होते त्या घरातले मूल शब्द उच्चारण्याआधी क्षणभर थांबायला आपोआप शिकते.

१९०६ साली पराडकर ‘हिंदी बंगवासी’ या पत्रात सहायक संपादक म्हणून कलकत्त्याला गेले. सहा महिन्यांत ते सोडून ते ‘हितवार्ता’ साप्ताहिकाचे संपादक झाले आणि चार वर्षे तेथे राहिले. त्याच काळात ते बंगाल नॅशनल कॉलेजात हिंदी आणि मराठी शिकवीत. १९११ साली ते ‘भारतमित्र’मध्ये आले. तेथे अंबिकाप्रसाद वाजपेयींसारखा जोडीदार मिळाला, आणि साप्ताहिकाच्या संथ चालीतून ते दैनिकाच्या धावपळीत पडले.

दैनिकाचे काम वेगळे असते. त्या काळी जगाच्या बातम्या इंग्रजी तारांनी येत. तार तुटक, परदेशी नावांनी भरलेली, आणि वाचणारा बाजारातला दुकानदार, शाळामास्तर किंवा गावचा पोस्टमन. रात्रीतून त्या तारेची हिंदी करायची आणि खिळे जुळवणाऱ्याच्या हाती द्यायची. इंग्रजी वाक्य जसेच्या तसे उलटे करून ठेवले तर ते छापले जाते, पण कोणाला कळत नाही. शिवाय सरकारी इंग्रजीची एक खोड असते. तीत कर्ता गायब असतो. गोळीबार करणे भाग पडले, एवढेच तार सांगते. कोणी केला, कोणावर केला, का भाग पडले, हे वाचकाने ताडायचे. देशी भाषेत बातमी लिहिणाऱ्याला तो कर्ता शोधून वाक्यात बसवावा लागतो. व्याकरणाची म्हणून सुरू झालेली ही गोष्ट बघता बघता राजकारणाची होते.

पराडकरांचे राजकारण लेखणीपुरते नव्हते. बंगालच्या क्रांतिकारकांशी त्यांचे संबंध होते. १९१६ साली राजद्रोहाच्या संशयावरून त्यांना पकडण्यात आले आणि साडेतीन वर्षे नजरकैदेत ठेवण्यात आले. सुटका झाली १९२० साली. ते काशीला परतले तेव्हा वय छत्तीस होते.

काशीत त्या वेळी बाबू शिवप्रसाद गुप्त हे धनवान आणि देशभक्त गृहस्थ एक हिंदी दैनिक काढण्याच्या खटपटीत होते. जग फिरून आलेल्या या माणसाला लंडनच्या टाइम्सच्या तोडीचे पत्र हिंदीत हवे होते. त्यांच्या ज्ञानमंडळातून ५ सप्टेंबर १९२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, ‘आज’ निघाले. आरंभी श्रीप्रकाश संपादक होते. पराडकर आखणीपासूनच त्यात होते आणि काही वर्षांत संपादकपदाची धुरा पूर्णपणे त्यांच्याकडे आली. पुढे त्यांचे आणि ‘आज’चे नाव वेगळे काढता येईना.

येथे त्यांनी जे केले ते आपण रोज वापरतो, पण ओळखत नाही. इंग्रजीतल्या नव्या कल्पनांना हिंदीत शब्दच नव्हते. इंग्रजी शब्द तसाच नागरीत लिहावा, की संस्कृतातून कोणाला कळणार नाही असे काही घडवावे, हा पेच होता. पराडकरांनी मधली वाट धरली. शब्द असा हवा की पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही अर्ध्याहून अधिक अर्थ लागावा. ‘मुद्रास्फीति’ हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे उत्तम उदाहरण. मुद्रा म्हणजे पैसा आणि स्फीति म्हणजे फुगणे. अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही पैसा फुगला एवढे कळते. गंमत अशी की मराठीने त्याच रोगाला ‘चलनफुगवटा’ म्हटले, चित्र अगदी तेच. ‘राष्ट्रपति’ हा शब्दही त्यांच्याकडेच जातो. आधी तो काँग्रेसच्या अध्यक्षांसाठी वापरात होता आणि १९५० साली प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा झाला. ‘नौकरशाही’ हा शब्दही त्यांच्याच यादीत सांगितला जातो. केसरीच्या वाचकाला तो अजिबात नवा नव्हता. घरची मराठी शिदोरी त्यांनी हिंदीच्या पंगतीत वाढली, एवढेच. एकेका शब्दाच्या जन्मदात्याबद्दल अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. शब्द टांकसाळीत पाडणे निराळे आणि ते बाजारात चालवणे निराळे. रोज सकाळी हजारो घरांत जाणाऱ्या पत्राने तो चालवला, यात वाद नाही.

आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदीत विभक्तिप्रत्यय नामाला जोडून लिहावा की सुटा, यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे वाग्युद्ध झाले होते. आज आपण ‘काशी में’ असे सुटे वाचतो. ज्ञानमंडळाच्या ग्रंथांत आणि ‘आज’मध्ये मात्र ‘काशीमें’ असे जोडून छापत. मराठी माणसाला हे वाचताना घरी आल्यासारखे वाटते, कारण आपण ‘काशीत’ कधी तोडून लिहीत नाही. हिंदी जगाने शेवटी सुटी पद्धत स्वीकारली. पण एका पत्राने एक नियम ठरवून तो वर्षानुवर्षे पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत पाळावा, ही शिस्त सोपी नव्हती. नियम कोणता यापेक्षा तो रोज सारखा असणे वाचकाच्या अधिक उपयोगी पडते.

१९३० साली सविनय कायदेभंगाच्या वेळी वर्तमानपत्रांवर वटहुकूम आला. ‘आज’ने अग्रलेखाची जागा कोरी ठेवून निषेध केला आणि नंतर पत्र काही महिने बंदच राहिले. त्या काळात काशीत ‘रणभेरी’ नावाचे चक्रमुद्रित गुप्त पत्र हातोहात फिरत असे. आज येथे तर उद्या तेथे असे ते निघे आणि पोलीस घरे धुंडाळत राहत. त्यामागे पराडकर होते. एकदा साडेतीन वर्षे नजरकैद भोगलेल्या आणि पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थाने हे पुन्हा अंगावर घेतले.

सरकारची भीती त्यांना फारशी नव्हती. त्यांना धोका दिसला तो दुसरीकडे, आणि तोही फार आधी. १९२५ साली वृंदावन येथे पहिले हिंदी संपादक संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष पराडकर होते. स्वतःच्याच व्यवसायासमोर बोलताना त्यांनी जे भविष्य वर्तवले ते समारंभाला साजेसे मुळीच नव्हते. पुढची वर्तमानपत्रे देखणी निघतील, पाने वाढतील, चित्रे आणि मजकूर भरपूर असेल, खपही मोठा होईल. पण ती काढायला भांडवल लागेल, आणि भांडवल घालणाऱ्याच्या मर्जीने ती चालतील. संपादकाला पगार चांगला मिळेल, मात्र आजच्या गरीब संपादकाला जे स्वातंत्र्य आहे ते त्याला नसेल आणि पत्राचा प्राण हरवेल, असा त्याचा मथितार्थ. जमलेले सारे संपादक तुटपुंज्या पैशांत पत्रे ओढत होते. त्यांना त्या दिवशी भरभराटीची आशा ऐकायला आवडली असती.

१९४३ साली त्यांनी स्वतः ‘आज’ सोडले, काशीच्याच ‘संसार’ दैनिकाचे संपादकपद घेतले, आणि १९४७ साली ते ‘आज’मध्ये परतले. त्याआधी हिंदी साहित्य संमेलनाच्या सिमला अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाला हिंदीवाल्यांनी हा मान दिला, हे दोन्ही बाजूंना शोभणारे झाले. ते एकटेही नव्हते. लक्ष्मण नारायण गर्दे आणि रामकृष्ण रघुनाथ खाडिलकर हे काशीचेच मराठी संपादक हिंदीत नावाजले. त्याआधी माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ आणि नागपूरहून ‘हिंदी केसरी’ काढला होता. आपल्या इंदुरात राहुल बारपुते यांनी ‘नईदुनिया’ घडवली, ते तर आपल्यातल्या कित्येकांनी पाहिले आहे.

१२ जानेवारी १९५५ रोजी पराडकरांचे काशीत निधन झाले. तोवर ते ‘आज’चे प्रधान संपादक होते. काशीच्या पत्रकार संघाची वास्तू मैदागिन भागात आहे आणि तिला पराडकर स्मृती भवन असे नाव आहे. काशीयात्रेला जाणाऱ्या मंडळींनी विश्वनाथाचे दर्शन आणि गंगास्नान झाल्यावर अर्धा तास काढला तर तेथे सहज जाता येते.