आल्फ्रेड फुलर

आल्फ्रेड कार्ल फुलर (१३ जानेवारी, इ.स. १८८५: वेल्सफर्ड, नोव्हा स्कॉशिया, कॅनडा – ४ डिसेंबर, इ.स. १९७३: हार्टफर्ड, कनेक्टिकट, अमेरिका) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन उद्योजक होते. ब्रश तयार करणाऱ्या फुलर ब्रश कंपनीचे ते संस्थापक होत. बहिणीच्या घराच्या तळघरात हाताने फिरवायच्या एका लहानशा यंत्रावर त्यांनी या व्यवसायाचा प्रारंभ केला. पुढे त्यांच्या कंपनीच्या विक्रेत्यांनी अमेरिका व कॅनडातील लक्षावधी घरांचे दरवाजे ठोठावले. दारोदार जाऊन माल विकण्याच्या पद्धतीला त्यांनी शिस्तबद्ध रूप दिले. याच पद्धतीमुळे घरमालकाच्या खाजगीपणाचा प्रश्न अमेरिकेतील न्यायालयांसमोर उभा राहिला.

प्रारंभिक जीवन

फुलर यांचा जन्म नोव्हा स्कॉशिया प्रांताच्या किंग्ज परगण्यातील वेल्सफर्ड या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लिअँडर व फीबी फुलर यांच्या बारा अपत्यांपैकी ते अकरावे होते. जमीन फारशी सुपीक नव्हती आणि एवढ्या मोठ्या कुटुंबाला शेती पुरी पडत नव्हती. त्यामुळे थोरली भावंडे एकेक करून नोकरीच्या शोधात अमेरिकेतील बॉस्टन शहराकडे गेली. त्या काळी अटलांटिक किनाऱ्यावरील कॅनडातून बॉस्टनला स्थलांतर करणाऱ्यांची संख्या मोठी होती. आल्फ्रेड यांचे शिक्षण गावातील शाळेपुरतेच राहिले. इ.स. १९०३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तेही बॉस्टनजवळच्या सॉमरव्हिल या गावी आपल्या भावंडांकडे आले.

पहिल्या दोन वर्षांत त्यांनी तीन नोकऱ्या गमावल्या. ट्राममध्ये ते वाहक म्हणून लागले होते. परंतु परवानगी नसताना ट्राम चालवून ती रुळांवरून उतरवल्यामुळे त्यांना काढून टाकण्यात आले. त्यानंतर घोड्यांची व बागेची देखभाल करण्याचे काम आणि सामान पोहोचवणाऱ्या गाडीवरचे काम, ही दोन्हीही टिकली नाहीत. इ.स. १९०५ च्या आरंभी त्यांना सॉमरव्हिलमधील ब्रश व फरशी पुसण्याचे मॉप बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रेत्याचे काम मिळाले. हे काम मात्र त्यांना जमले. स्वभावाने ते लाजाळू होते आणि त्यांना ओघवते बोलता येत नसे. तथापि ते गृहिणींना नेमकी कशाची अडचण होते हे विचारत, ऐकून घेत आणि हातातील ब्रशने ते काम प्रत्यक्ष करून दाखवत.

ब्रश वळण्याचे यंत्र

दारोदार फिरताना फुलर यांच्या ध्यानात आले की, घरातील अनेक वस्तू साफ करण्यास योग्य ब्रश बाजारात मिळतच नाहीत. बाटलीचा तळ, वाफेने खोली उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या नळ्यांमधील फटी, जिन्याच्या कठड्याचे कोपरे यांसाठी वेगवेगळ्या आकाराचे ब्रश हवे होते. मालकाने त्यांच्या सूचना स्वीकारल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच उत्पादन करण्याचे ठरवले. त्या वेळी त्यांच्याजवळ सुमारे ३७५ डॉलरची बचत होती. इ.स. १९०६ मध्ये बहिणीच्या घराच्या तळघरात त्यांनी एक बाक व ब्रश वळण्याचे एक यंत्र मांडले. रात्री ब्रश बनवायचे आणि दिवसा ते विकायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी ब्रश बनवण्याच्या दोन मुख्य पद्धती प्रचलित होत्या. पहिल्या पद्धतीत लाकडाच्या पाटीला ओळीने छिद्रे पाडून प्रत्येक छिद्रात केसांचा झुपका बसवला जाई. झुपका मधोमध दुमडून तारेने आत ओढून घेण्याचे हे काम पूर्वी पूर्णपणे हाताने होत असे. पुढे झुपका उचलणे, दुमडणे व धातूच्या बारीक तुकड्याने छिद्रात ठोकून बसवणे या क्रिया यंत्राने होऊ लागल्या. मात्र अशी यंत्रे महाग व गुंतागुंतीची असत आणि अल्प भांडवलाच्या माणसाला ती परवडत नसत.

दुसरी पद्धत तारेत पीळ देऊन ब्रश बनवण्याची होती आणि फुलर यांनी तीच स्वीकारली. या पद्धतीत एक तार मधोमध दुमडून तिच्या दोन पदरांमध्ये डुकराचे राठ केस किंवा घोड्याचे केस एकसारखे पसरतात. तारेचे एक टोक पक्के धरून ठेवतात व दुसरे टोक यंत्राच्या आकड्यात अडकवून हाताने मूठ फिरवतात. पीळ बसू लागला की दोन पदर केसांना घट्ट आवळतात, आणि एका रेषेत मांडलेले केस तारेभोवती मळसूत्रासारखे सर्व बाजूंना उभे राहतात. त्यानंतर केस कातरून सारखे करतात, तार हव्या त्या आकारात वाकवतात व तिला मूठ जोडतात. बाटली धुण्याचा ब्रश आजही मूलतः याच तत्त्वावर बनतो. पीळ कमी पडल्यास केस गळतात आणि जास्त झाल्यास तार तुटते; त्यामुळे यंत्र साधे असले तरी हाताचा अंदाज महत्त्वाचा ठरतो. या पद्धतीचा मोठा लाभ असा की, तारेची लांबी, केसांची जाडी व वाकवण्याचा आकार बदलून त्याच एका यंत्रावर अनेक प्रकारचे ब्रश बनवता येतात. दिवसा एखाद्या गृहिणीने सांगितलेली अडचण लक्षात ठेवून फुलर रात्री त्यानुसार नवा नमुना तयार करू शकत. उत्पादक आणि विक्रेता एकच व्यक्ती असल्याचा हा लाभ त्यांच्या उद्योगाचा पाया ठरला.

कंपनीची स्थापना

त्याच वर्षी विक्रीच्या निमित्ताने फुलर कनेक्टिकट राज्याची राजधानी हार्टफर्ड येथे गेले. हे शहर आवडल्यामुळे त्यांनी आपला व्यवसाय तेथेच हलवला. आरंभी त्याचे नाव कॅपिटल ब्रश कंपनी असे होते. काम वाढल्यावर उत्पादनासाठी त्यांनी मदतनीस नेमले आणि स्वतः विक्रीकडे अधिक लक्ष दिले. इ.स. १९०९ मध्ये एका राष्ट्रीय मासिकात त्यांनी विक्रेते हवे असल्याची छोटी जाहिरात दिली. तिला मिळालेला प्रतिसाद अनपेक्षित होता. थोड्याच काळात अडीचशेच्या आसपास विक्रेते देशाच्या निरनिराळ्या भागांत त्यांचे ब्रश विकू लागले. इ.स. १९१३ मध्ये फुलर ब्रश कंपनी या नावाने व्यवसायाची रीतसर नोंदणी झाली. इ.स. १९२३ पर्यंत कंपनीची वार्षिक विक्री सुमारे दीड कोटी डॉलरवर पोहोचली.

विक्रीची पद्धत

फुलर यांचे विक्रेते कंपनीचे पगारी नोकर नव्हते. ते कंपनीकडून घाऊक दराने माल घेत आणि किरकोळ दराने विकत. दोन्हींमधील फरक हे त्यांचे उत्पन्न असे. प्रत्येकाला ठरावीक वस्ती नेमून दिलेली असे. घंटी वाजवल्यावर दारापासून मागे सरून उभे राहणे, घरात पाय टाकण्यापूर्वी बूट स्वच्छ करणे, नमुन्यांची पेटी व्यवस्थित मांडणे अशा बारीकसारीक गोष्टींचे प्रशिक्षण त्यांना दिले जाई. विक्री होवो वा न होवो, गृहिणीला एक लहान ब्रश भेट म्हणून देण्याची प्रथा कंपनीने पाडली. ही भेट पेटीच्या तळाशी ठेवलेली असल्याने ती काढण्यासाठी पेटी उघडावी लागे आणि ओघानेच इतर मालही दाखवता येई.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. माल न खपल्यास विक्रेत्याला काहीच मिळत नसे आणि धंद्यातील जोखीम मुख्यतः त्याच्यावर पडे. त्यामुळे अनेक जण थोड्याच दिवसांत काम सोडून देत व कंपनीला सतत नवी माणसे शोधावी लागत. तथापि भांडवल किंवा उच्च शिक्षण नसलेल्या तरुणांना, विशेषतः सुटीत कमाई करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, हे काम सहज मिळे. पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून जगप्रसिद्ध झालेले बिली ग्रॅहॅम यांनी इ.स. १९३६ च्या उन्हाळ्यात फुलर ब्रश विकले होते. महामंदीच्या काळात कंपनीची विक्री बरीच घटली. परंतु ती तग धरून राहिली.

ग्रीन रिव्हर खटला

दारोदार येणाऱ्या विक्रेत्यांची संख्या वाढली तशी त्यांच्याविषयीची नाराजीही वाढली. वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर हे रेल्वे कर्मचाऱ्यांचे गाव होते. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपत आणि विक्रेत्यांच्या घंट्यांनी त्यांची झोपमोड होई. इ.स. १९३१ मध्ये गावाच्या नगरपरिषदेने ठराव करून, घरमालकाने बोलावल्याशिवाय विक्रीसाठी दारावर जाणे हा उपद्रव व दंडनीय गुन्हा ठरवला.

फुलर ब्रश कंपनीसाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता, कारण तिची जवळजवळ सर्व विक्री याच मार्गाने होत असे. कंपनीने संघीय न्यायालयात दाद मागितली. वैध व्यापारावर अशी बंदी घालणे घटनाबाह्य आहे, तसेच राज्याराज्यांतील व्यापारात अडथळा आणण्याचा अधिकार गावाला नाही, अशी तिची भूमिका होती. कनिष्ठ न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. मात्र इ.स. १९३३ मध्ये दहाव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने तो फिरवला व गावाचा ठराव वैध ठरवला. त्यानंतर अमेरिकेतील अनेक गावांनी असे ठराव केले. ते आजही ग्रीन रिव्हर ठराव याच नावाने ओळखले जातात. काही राज्यांच्या न्यायालयांनी ते रद्द केले, परंतु इ.स. १९५१ मध्ये, मासिकांच्या वर्गणीदारांसाठी दारोदार फिरणाऱ्या एका व्यक्तीच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच प्रकारचा ठराव उचलून धरला.

दुसरे महायुद्ध आणि नंतरचा काळ

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने आपल्या उत्पादनक्षमतेचा मोठा भाग सैन्याच्या कामाकडे वळवला. बंदुकीच्या व तोफेच्या नळ्या साफ करण्यासाठी लागणारे ब्रश हे तारेत पीळ देऊन बनवलेल्या ब्रशचेच प्रकार असतात, त्यामुळे या कामाचा तिला दीर्घ अनुभव होता. डुकराच्या राठ केसांचा पुरवठा प्रामुख्याने चीनमधून होत असे. युद्धामुळे तो खंडित झाला व अमेरिकेत या केसांच्या वापरावर निर्बंध आले. इ.स. १९३८ मध्ये दातांच्या ब्रशसाठी नायलॉनचे तंतू प्रथम वापरात आले होते. या टंचाईमुळे ब्रश उद्योगात कृत्रिम तंतूंचा प्रसार वेगाने झाला.

इ.स. १९४३ मध्ये फुलर यांचे थोरले पुत्र हॉवर्ड कंपनीचे अध्यक्ष झाले. इ.स. १९४८ पासून कंपनीने सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीसाठी स्त्री विक्रेत्यांची मोठ्या प्रमाणावर नेमणूक केली. इ.स. १९५९ मध्ये हॉवर्ड यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि धाकटे पुत्र अ‍ॅव्हर्ड यांनी सूत्रे हाती घेतली. इ.स. १९६० च्या सुमारास कंपनीची वार्षिक विक्री १० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. इ.स. १९६८ मध्ये कंपनी कन्सॉलिडेटेड फूड्स या उद्योगसमूहाला विकण्यात आली.

वैयक्तिक जीवन

फुलर यांचा पहिला विवाह इ.स. १९०८ मध्ये नोव्हा स्कॉशियाच्याच एव्हलिन एल्स यांच्याशी झाला. त्यांना हॉवर्ड व अ‍ॅव्हर्ड हे दोन पुत्र झाले. इ.स. १९३० मध्ये हा विवाह घटस्फोटाने संपुष्टात आला. इ.स. १९३२ मध्ये त्यांनी मेरी प्रिमरोझ पेल्टन यांच्याशी विवाह केला. फुलर हे ख्रिश्चन सायन्स या पंथाचे अनुयायी होते. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतरही जन्मभूमीशी त्यांचा संबंध कायम राहिला आणि नोव्हा स्कॉशियातील यार्मथ येथे ते उन्हाळ्यात राहत असत. हार्टफर्ड येथील संगीतशिक्षणाला त्यांनी मोठे साहाय्य केले; हार्टफर्ड विद्यापीठाच्या हार्ट संगीत विद्यालयाच्या वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले आहे. इ.स. १९६० मध्ये हार्टझेल स्पेन्स यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र ‘अ फूट इन द डोअर’ प्रसिद्ध झाले. ४ डिसेंबर, इ.स. १९७३ रोजी हार्टफर्ड येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लोकसंस्कृतीत

फुलर यांचा विक्रेता विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन लोकजीवनातील एक परिचित पात्र बनला होता. व्यंगचित्रांत व विनोदांत त्याचा वारंवार उल्लेख येई. ‘द फुलर ब्रश मॅन’ (इ.स. १९४८) या चित्रपटात रेड स्केल्टन यांनी, तर ‘द फुलर ब्रश गर्ल’ (इ.स. १९५०) या चित्रपटात ल्युसिल बॉल यांनी प्रमुख भूमिका केली. वॉल्ट डिझ्नी यांच्या ‘थ्री लिटल पिग्ज’ (इ.स. १९३३) या लघुपटात लांडगा ज्यू फेरीवाल्याचे सोंग घेऊन येतो. हे चित्रण ज्यूंचा उपहास करणारे असल्याने पुढे त्या प्रसंगात बदल करून लांडग्याला फुलर ब्रश विक्रेता दाखवण्यात आले.

वारसा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नोकरी करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. दिवसा घरी कोणी नसल्याने दारोदार विक्रीचा आधारच नाहीसा होत गेला. स्वस्त प्लास्टिकच्या वस्तू व मोठी दुकाने यांचीही स्पर्धा वाढली. कंपनीचे उत्पादन इ.स. १९७० च्या दशकात कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे हलवण्यात आले. इ.स. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्यान्वये संरक्षण मागितले आणि त्यानंतर तिची मालकी बदलली. फुलर हे नाव मात्र ब्रश व स्वच्छतेच्या साधनांवर त्यानंतरही कायम राहिले. फुलर यांनी ब्रश वळण्याच्या मूळ यंत्राचा शोध लावला नव्हता. उपलब्ध असलेल्या साध्या यंत्राची, वापरणाऱ्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष गरजेशी सांगड घालणे हे त्यांचे मुख्य कार्य होते. थेट विक्री व्यवसायाच्या इतिहासात त्यांच्या पद्धतीचा आणि तिच्यामुळे उद्भवलेल्या कायदेशीर वादाचा आजही एकत्रितपणे अभ्यास केला जातो.