डॉ. बाबासाहेब आंबेडकर : सरकारलाही मर्यादा घालणारे घटनाकार

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आपल्या मूलहून चंद्रपूरला गेलात की दीक्षाभूमीवर जाताच ना? १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथेच धम्मदीक्षा दिली. पण त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट आपण मुलांना क्वचितच सांगतो. सत्ता कुणाचीही असो, तिला मर्यादा हवीच, हे त्यांनी आयुष्यभर धरून ठेवले.

१४ एप्रिल १८९१ ला महू येथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला तर पाणी नाही! आपली तहान दुसऱ्याच्या मर्जीवर असणे म्हणजे काय, हे या मुलाला तेव्हाच कळले.

पुढे न्यूयॉर्क आणि लंडनला शिकून ते मोठे अर्थतज्ज्ञ झाले. १९२३ च्या रुपयावरील ग्रंथातही त्यांनी हेच मांडले, की चलन काढण्याचे काम सरकारच्या मर्जीवर सोडू नये.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. पण कुठे? फक्त कागदावर! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथले पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडले.

आता बघा, हा अनुभव राज्यघटनेत कसा उतरला. कलम १३ प्रमाणे मूलभूत हक्क हिरावणारा कायदा सरकारला करता येत नाही. केलाच, तर तेवढा भाग रद्द ठरतो. आणि हक्क मोडला तर कलम ३२ प्रमाणे कोणीही थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावू शकतो. दाद मागता येत नसेल तर हक्क नुसता कागद, हे त्यांना महाडने शिकवले होते. म्हणून कलम ३२ ला ते घटनेचा आत्मा मानत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले, की राजकारणात व्यक्तिपूजा आली की हुकूमशाही दूर नसते.

ही शिस्त त्यांनी स्वतःलाही लावली. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ ला मुंबईत ते हरले, १९५४ ला शेजारच्या भंडाऱ्यातही हरले. घटना लिहिणारा माणूसही घटनेने दिलेल्या एकेका मतापुढे इतरांसारखाच उभा होता. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे निधन झाले.

७ नोव्हेंबरला, त्यांच्या शाळाप्रवेशाच्या दिवशी, आपण विद्यार्थी दिन साजरा करतो. यंदा एक करून बघा. वर्गाचे नियम मुलांसोबत बसून लिहा, आणि त्यात दोन नियम गुरुजींसाठीही ठेवा. गुरुजींनी नियम मोडला तर कुणाकडे जायचे, तेही फळ्यावर लिहा. थोडे अवघड वाटेल, पण मुलांना राज्यघटना तिथेच समजेल.