समजून घ्या : अक्षर उशिरा भेटलेल्या वामनदादांचं गाणं घरोघरी कसं पोहोचलं?

१९७१ मध्ये अमेरिकी गायक मार्विन गे यांचं युद्धविरोधी गाणं आलं. व्हिएतनाम युद्धावरचं हे गाणं काढायला रेकॉर्ड कंपनीचे मालक आधी राजी नव्हते. बाजारात येताच ते प्रचंड खपलं. सोल संगीतातला निषेध असा तबकडीवरून जगभर गेला. त्याच काळात नाशिक जिल्ह्याचे वामनदादा कर्डक जातीच्या अन्यायाविरुद्ध गात होते. त्यांचं गाणं मात्र गावोगावच्या मंचावरून पसरलं.

कोण होते वामनदादा?
जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड ज्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेते होते, तो १९३० मध्ये सुरू झाला तेव्हा वामनदादा सात वर्षांचे होते. नाशिक भागात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे रंगत.

शाळा नाही, मग लिहिणं कसं जमलं?
पोटासाठी ते मुंबईला गेले. मिळेल ते काम केलं. एकदा कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि आपल्याला वाचता येत नाही, याची त्यांना लाज वाटली. मग देहलवी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकवली. पुढे दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी अक्षरं पक्की केली. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिलं गीत रचलं.

गाणी टिकली कशी?
चाली ओळखीच्या, भाषा घरातली. त्यामुळे मजूर आणि बाया-बापड्यांना ती एकदा ऐकून पाठ होत. बाबासाहेबांचा विचार पुस्तक न वाचलेल्यांपर्यंत असा पोहोचला. रचना हजारोंच्या घरात गेल्या. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे संग्रहही निघाले.

धोका काय?
तोंडोतोंडी फिरणारं गाणं टिकतं, पण कवीचं नाव गळून पडतं. यावर त्यांच्याकडे संतांचाच उपाय होता: शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीत वाजलं, तर शेवटचं कडवं नीट ऐका. गाणाऱ्याचं नाव तुम्हाला ठाऊक असेलच. रचणाऱ्याचं तिथे सापडेल.