ल्यूसी विल्स
ल्यूसी विल्स (१० मे, १८८८ – १६ एप्रिल, १९६४) या इंग्लिश रक्तविकारतज्ज्ञ होत्या. १९२८ मध्ये त्या भारतात आल्या. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या प्राणघातक रक्तक्षयावर संशोधन केले. या विकारात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत; त्याचे मूळ लोहाच्या अभावात नसून निकृष्ट आहारात होते. बिअरनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटने रुग्ण बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य, म्हणजेच ‘विल्स घटक’, पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. अतिमद्यपानाने फोलेटचे शोषण घटते, तर लोहाचे वाढू शकते. त्यामुळे लोहाचा साठा असूनही मद्यपींना असाच रक्तक्षय होऊ शकतो. गर्भवतींना आज लोहाबरोबर फॉलिक आम्लही दिले जाते.