रक्तगट सांगणारा माणूस आणि जात विचारणारा समाज

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांतून रक्तदान शिबिरे होतात. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तिथेही तरुण रांगेत उभे राहून रक्त देतात. रक्ताच्या पिशवीवर गट लिहिला जातो, जात नाही. हे ज्यांच्यामुळे शक्य झाले, त्या कार्ल लँडस्टायनर यांची ओळख मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना आहे.

१४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील पत्रकार होते. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले आणि आईने एकटीने त्याला वाढवले. १८९१ साली ते डॉक्टर झाले. पुढे शवविच्छेदनाच्या विभागात त्यांनी हजारो प्रेते तपासली.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले की कधी रोगी वाचे, कधी तडफडून मरे. का, ते कोणालाच उमगत नव्हते. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकमेकांत मिसळून पाहिले. काही रक्तांच्या गुठळ्या झाल्या, काहींच्या झाल्या नाहीत. १९०१ साली त्यांनी तीन गट मांडले, चौथा पुढच्या वर्षी इतरांना सापडला. तांबड्या पेशींवर जी खूण नसते, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे माणसाच्या रक्तात आधीच तयार असतात, हे त्यामागचे इंगित होते. या कामासाठी त्यांना १९३० चे नोबेल मिळाले. १९२५ साली त्यांनी मानवसदृश वानरांतही माणसासारखेच रक्तगट दाखवले. १९४० मध्ये वीनर यांच्यासह त्यांनी ऱ्हीसस घटक शोधला. जून १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले.

या मोठ्या माणसाच्या आयुष्यातली एक जखम आम्हाला अस्वस्थ करते. त्यांनी १८९० साली धर्म बदलला होता. तरीही १९३७ साली अमेरिकेतील ज्यूंच्या एका नामकोशात आपले नाव येऊ नये म्हणून त्यांना न्यायालयात जावे लागले. आडनाव लपवून शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या माणसांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. आम्ही लँडस्टायनर यांना दोष देत नाही. जन्म लपवावा लागतो, हा दोष समाजाचा आहे.

त्यांच्या कामाचा धागा पुढे आपल्या दारापर्यंत आला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट नोंदवला. तोच बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ गट वाटतो, पण या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच्या प्रतिपिंडे त्यावरही तुटून पडतात. त्याला फक्त त्याच्याच गटाचे रक्त लागते. रत्नागिरीसह दक्षिण महाराष्ट्रात अशी कुटुंबे आढळली आहेत. आईवडील दोघांकडूनही तोच दोषी जनुक आला तरच हा गट होतो, आणि नात्यात लग्ने झाली की ती शक्यता वाढते. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच न्यूयॉर्कमध्ये मांडले होते. पिढ्यानपिढ्या त्याच कुंपणात सोयरिकी झाल्या की काय होते, याची साक्ष रक्तही देते.

आता विज्ञान आणखी पुढे गेले आहे. डुकराच्या पेशींवर एक साखर असते. माणसात आणि बबूनसारख्या माकडांत ती नसते, उलट तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. म्हणून डुकराचे अवयव काही मिनिटांत किंवा तासांत निकामी होत. शास्त्रज्ञांनी आधी रक्तातली प्रतिपिंडे गाळून पाहिली, मग ती साखर बनवणारा जनुकच काढून टाकलेली डुकरे तयार केली. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत अशा डुकराचे हृदय बसवलेला रुग्ण सुमारे दोन महिने जगला. जे जनावर पाळले म्हणून आपल्या देशात माणसे अस्पृश्य ठरवली गेली, त्याच जनावराचे हृदय माणसाच्या छातीत धडधडले!

शरीराने परके मानलेल्यालाही स्वीकारावे, म्हणून विज्ञान शंभर वर्षे झटते आहे. एकाच रक्तगटाच्या शेजाऱ्याची मुलगी सून म्हणून स्वीकारायला आपला समाज आणखी किती वर्षे घेणार? शिबिरात रक्त द्या, ओ गट सांगितला असेल तर बॉम्बे गटाची खात्री करून घ्या, आणि सोयरीक जुळवताना जातीचे कुंपण ओलांडा. लँडस्टायनर यांना आणि बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.