रेचेल कार्सन : विषाचा माग काढणारी लेखिका

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा डीडीटी नावाची पांढरी भुकटी हे विज्ञानाने मानवजातीला दिलेले वरदान मानले जात होते. स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर यांनी १९३९ साली तिचा कीटकनाशक गुण शोधून काढला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरातली टायफस ज्वराची साथ याच भुकटीने उवा मारून आटोक्यात आणली गेली. म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. युद्धानंतर हे रसायन शेते, जंगले, दलदली आणि वस्त्या यांवर विमानांतून बरसू लागले. या वरदानाची किंमत पाखरे आणि मासे आपल्या प्राणांनी मोजत आहेत, हे अमेरिकी समाजाला पुराव्यानिशी समजावून सांगितले ते सरकारी नोकरी सोडून लेखणीवर जगणाऱ्या एका सागरी जीवशास्त्रज्ञ स्त्रीने. त्यांचे नाव रेचेल कार्सन.

रेचेल यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. ॲलेगनी नदीकाठी असलेले हे गाव पोलादनगरी पिट्सबर्गपासून फार दूर नव्हते. घराभोवती सुमारे ६५ एकर माळरान आणि झाडी होती. आई मारिया यांनी या धाकट्या लेकीला बोट धरून पाखरे, कीटक, रानफुले यांची ओळख करून दिली. लिहिण्याचा छंदही लहानपणीच जडला. वयाच्या अकराव्या वर्षी तिची गोष्ट मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली. महाविद्यालयात रेचेल गेली ती साहित्य शिकण्यासाठी. परंतु मेरी स्किंकर या प्राध्यापिकेच्या प्रभावाने ती जीवशास्त्राकडे वळली. १९२९ साली पदवी घेतल्यावर वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत तिला उन्हाळ्यापुरते काम मिळाले आणि तेथे तिने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्या प्राणिशास्त्रात एम.ए. झाल्या.

मंदीचे दिवस होते. १९३५ साली वडील वारले आणि कुटुंबाचा भार त्यांच्यावर आला. डॉक्टरेटचा विचार बाजूला ठेवून त्यांनी केंद्र सरकारच्या मत्स्य विभागासाठी आकाशवाणीवरील संहिता लिहिण्याचे काम पत्करले. १९३६ मध्ये तेथेच जीवशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींचा सांभाळही त्यांच्याकडे आला. दिवसा सरकारी अहवाल, रात्री स्वतःचे लेखन, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने त्यांना कीर्ती आणि आर्थिक स्वास्थ्य मिळवून दिले. हे पुस्तक ८६ आठवडे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत राहिले. १९५२ मध्ये त्यास ‘नॅशनल बुक अवॉर्ड’ मिळाले आणि त्याच वर्षी कार्सन यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

समुद्राच्या या अभ्यासाने त्यांना एक दृष्टी दिली होती. सूक्ष्म प्लवक, त्यावर जगणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे मासे आणि शेवटी पक्षी, ही साखळी त्यांच्या रोजच्या विचाराचा भाग बनली होती. डीडीटीविषयीची शंका त्यांच्या मनात १९४५ पासूनच होती. मेरीलँडमधील पॅटक्सेंट येथे वन्यजीवांवरील परिणामांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा त्यावर लेख लिहिण्याचा प्रस्ताव त्यांनी ‘रीडर्स डायजेस्ट’कडे धाडला होता. तो नाकारला गेला.

१९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील मैत्रीण ओल्गा हकिन्स यांचे पत्र आले. डासांसाठी झालेल्या विमानी फवारणीनंतर त्यांच्या पक्षी अभयारण्यात मेलेली पाखरे आढळली होती. दक्षिणेकडील राज्यांत सरकारने परदेशातून आलेल्या लाल मुंग्यांविरुद्ध डिल्ड्रिन व हेप्टाक्लोर यांची मोहीम नुकतीच उघडली होती. या विषयावर दुसऱ्या कुणी लिहावे असे कार्सन यांना प्रथम वाटले. अखेर ते काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतले. त्यासाठी चार वर्षे शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार, सरकारी अहवालांचे वाचन आणि न्यायालयीन साक्षींची छाननी चालू होती.

गोळा झालेल्या पुराव्यांत कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकची कहाणी सर्वांत बोलकी होती. या सरोवराकाठच्या चिलटांचा बंदोबस्त करण्यासाठी १९४९ साली डीडीटीचेच भावंड असलेले डीडीडी पाण्यात सोडण्यात आले. त्याचे प्रमाण सात कोटी भाग पाण्यात एक भाग इतके क्षुल्लक होते. चिलटे परतल्याने १९५४ आणि १९५७ साली पुन्हा मात्रा दिली गेली. पुढे ग्रीब, म्हणजे आपल्याकडील टिबुकलीचे भाईबंद असलेले पाणपक्षी, शेकड्यांनी मरू लागले. रोग सापडेना. मग त्यांची चरबी तपासली गेली तेव्हा तीत दहा लाख भागांत १,६०० भाग डीडीडी निघाले. पाण्यातील अंश प्लवकात साठला होता, प्लवकातून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत गेला होता. प्रत्येक पायरीवर तो वाढत गेला, कारण हे रसायन शरीराबाहेर टाकले न जाता चरबीत मुरून राहते. सरोवरावर एक हजारांहून अधिक जोड्या घरटी बांधत असत. १९६० पर्यंत जेमतेम तीस उरल्या.

जमिनीवरही हेच घडत होते. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांना बुरशीच्या रोगापासून वाचवण्यासाठी फवारणी होई. पाने गळत, गांडुळे ती खात आणि वसंतात परतलेले रॉबिन ती गांडुळे टिपत. फवारणी थांबून महिने लोटल्यावरही पाखरे तडफडून मरत होती. कॅनडातील मिरामिशी नदीच्या खोऱ्यात १९५४ साली जंगलांवर डीडीटी फवारले गेले आणि सॅमन माशांची त्या वर्षीची पिल्ले जवळजवळ नाहीशी झाली. फवारणी करणाऱ्यांच्या मनात यांपैकी कोणताही जीव नव्हता.

या लेखनाच्या काळात दैवाने कार्सन यांची कठोर परीक्षा घेतली. १९५७ मध्ये भाची वारली आणि तिच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी पन्नाशीत दत्तक घेतले. पुढच्या वर्षी आई गेली. १९६० साली त्यांच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेही नाही. ते कळले तेव्हा रोग पसरला होता. ही गोष्ट त्यांनी मोजक्या स्नेह्यांपलीकडे कुणालाही कळू दिली नाही. कीटकनाशके आणि कर्करोग यांविषयी त्या लिहीत होत्या. स्वतःचे दुखणे उघड झाले असते, तर त्यांचा निष्कर्ष सूडबुद्धीचा ठरवणे विरोधकांना सोपे गेले असते.

१९६२ च्या जूनपासून ‘न्यूयॉर्कर’मध्ये क्रमशः आणि २७ सप्टेंबर रोजी पुस्तकरूपाने ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले. रसायन उद्योग खवळला. एका कंपनीने प्रकाशकाला न्यायालयाचा धाक घातला, दुसरीने पुस्तकाचे विडंबन छापून वाटले. लेखिका भावनाविवश आहे, तिच्यामुळे जग पुन्हा रोगराई आणि उपासमारीच्या अंधारात जाईल, असा प्रचार झाला. वस्तुतः कार्सन यांनी सर्व रसायनांवर बंदी मागितली नव्हती. परिणाम न तपासता, लोकांना न विचारता, सरसकट विष ओतण्यास त्यांचा विरोध होता. वंध्य केलेले नर सोडून कुरासाओ बेटावर १९५४ साली स्क्रूवर्म माशीचा नायनाट कसा झाला, हे त्यांनी पर्याय म्हणून मांडले. अतिवापराने कीटकच प्रतिकारक्षम होतात आणि रोगनियंत्रणाचे साधन बोथट होते, हा इशाराही त्यांनी दिला होता.

३ एप्रिल १९६३ रोजी सीबीएस दूरचित्रवाणीवर हा वाद देशाने पाहिला. काही जाहिरातदारांनी कार्यक्रमातून अंग काढून घेतले होते. पडद्यावरची शांत, मोजके बोलणारी लेखिका पाहून तिच्यावरचे आरोप प्रेक्षकांना पटेनात. १५ मे रोजी अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल आला आणि त्याने कार्सन यांच्या मांडणीला मुख्यतः दुजोरा दिला. ४ जून रोजी असह्य वेदना लपवून त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा काही भाग त्यांच्या आवडत्या मेन किनाऱ्यावर सागरास अर्पण करण्यात आला.

त्यानंतर १९७० साली अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर तेथे बंदी आली. भारतात शेतीसाठी ही बंदी १९८९ मध्ये आली. हिवताप व काळा आजार यांच्या नियंत्रणासाठीचा वापर मात्र चालू ठेवण्यात आला. २००४ साली अमलात आलेल्या स्टॉकहोम करारानेही हाच भेद मान्य केला. त्यामुळे कार्सन यांच्या पुस्तकाने हिवतापाचे बळी वाढले, हा आरोप टिकत नाही.

एक कोडे मात्र त्यांच्या हयातीत सुटले नाही. गरुडांची अंडी उबत का नाहीत, असा प्रश्न त्यांनी पुस्तकात उपस्थित केला होता. ब्रिटिश संशोधक डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दाखवून दिले. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई कवचात कॅल्शियम नीट साठू देत नाही, हे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावर विराजमान असलेल्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडाच्या, अलास्का वगळता, १९६३ साली मोजून ४१७ जोड्या उरल्या होत्या. २००७ साली हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला, तेव्हा त्याच प्रदेशात सुमारे दहा हजार जोड्या घरटी करीत होत्या.